दादांना न पटलेला शेवट

माझी नात हल्ली ज्या कादंबऱ्या वाचते त्यांत जग कायमचं बिघडलेलं असतं. पाण्यासाठी रांगा, हातावर नंबर, डोक्यात बसवलेलं यंत्र आणि वर कुठंतरी न दिसणारं सरकार. एखादी कादंबरी संपली की ती डोळे मोठे करून मला सांगायला येते, की आजी, काय भयंकर आहे गं हे. मी भाजी निवडत 'हं' म्हणते. तिला वाटतं, म्हातारीला यातलं काही कळत नाही. तिच्या आईचा जन्म व्हायच्या आधीपासून मी असल्या गोष्टी वाचते आहे, आणि त्यांच्याबद्दल माझी मतं चांगली पक्की आहेत.

यंत्रांची वर्णनं आली की मी पानं सरळ उलटते. निळे दिवे, भिंतीतून येणारे आवाज, जेवणाऐवजी गोळ्या, यातलं मला काही घाबरवत नाही. गोळ्यांचं तर हसूच येतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर मिळणारी सुकडी ज्यांनी महिनोन्महिने खाल्ली, त्यांना जेवणाच्या गोळीचं काय कौतुक सांगता? मी बघते ते वेगळंच. त्या गोष्टीतली माणसं हात कुठं ठेवतात, दार आलं की थांबतात का, कुणी हाक मारली की मान वर जाते की खाली. लेखकाला एवढं दिसलेलं असलं की मी त्याच्यावर विश्वास ठेवते. नसलं तर ती नुसती जत्रेतली रोषणाई. हे बघायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं, तेही एका दुपारी, त्यांच्या इच्छेविरुद्ध. त्या दुपारचा धक्का माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. परंड्याहून कुर्डुवाडीला जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव, आणि गावाबाहेरची आमची बौद्धवस्ती. दादा प्राथमिक शाळेत मास्तर होते. वस्तीतले पहिलेच नोकरदार. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा ते अगदी तरुण होते, आणि गावी परतल्यावर वस्तीच्या मधोमध उभं राहून त्यांनी सांगितलं होतं, की आजपासून ओंजळीनं पाणी प्यायचं नाही. कुणी वरून ओतणार आणि आपण खाली वाकून हातात झेलणार, हे संपलं. भांड्यात देत असतील तर घ्यायचं, नसतील तर तहानेनं मरायचं. वस्तीनं माना डोलावल्या. काहींनी पाळलं, काहींना जमलं नाही. दादांनी मात्र पाळलं, आणि त्यासाठी एक युक्ती केली. जातील तिथं ते फिरकीचा पितळी तांब्या बरोबर न्यायचे, घरून भरलेला. त्यामुळं कुणाकडं पाणी मागायची वेळच यायची नाही.

या दादांना विज्ञानकथांचं वेड होतं. कुर्डुवाडीच्या स्टेशनवरच्या स्टॉलवरून ते मासिकं आणि दिवाळी अंक आणायचे, आणि त्यातल्या कथा, कविता सगळं ओलांडून आधी विज्ञानकथा वाचायचे. माणूस चंद्रावर उतरला ती बातमी सोसायटीच्या रेडिओवर ऐकून आले तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू तेच जाऊन आले. चंद्रावर पाय ठेवता येतो म्हटल्यावर वस्तीपासून गावाच्या विहिरीपर्यंत जाणं म्हणजे काय, असं ते म्हणाले. आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "चंद्रावर हिर हाय का?" दादा हसले, पण त्यांना तो प्रश्न आवडला नव्हता.

त्यांचा विश्वास यंत्रावर होता. यंत्र जात विचारत नाही. बटण दाबलं की दिवा लागतो, मग बोट कुणाचंही असो. म्हणून त्यांना अवकाशयानं आवडायची, समुद्राखालची शहरं आवडायची, आणि ज्यात पुढचा काळ भयाण दाखवलाय त्या गोष्टींचा मनापासून राग यायचा. असल्या गोष्टी म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं त्यांचं म्हणणं. "ज्याचं मागचं बरं गेलं, त्यालाच पुढचं वाईट सुचतं," ते म्हणायचे. हे वाक्य मला अजून पाठ आहे, आणि खरं सांगायचं तर आजही निम्मं पटतं.

दुष्काळाच्या त्या वर्षी मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते. दादांनी आणलेला अंक त्यांच्याआधी पळवून वाचायची मला सवय लागली होती. अशाच एका अंकात एक गोष्ट आली. त्यात एक शहर असतं, आणि त्या शहरातली सगळी दारं एका मोठ्या यंत्राच्या ताब्यात असतात. यंत्रानं घंटी वाजवली की दार उघडणार, माणसं बाहेर पडणार. पुन्हा घंटी, पुन्हा आत. एके दिवशी ते यंत्र बंद पडतं आणि सगळी दारं सताड उघडी राहतात. शेवटी लेखक दाखवतो, की माणसं आपापल्या उंबऱ्याच्या आत उभी आहेत. बाहेर ऊन पडलंय, वारा येतोय, आणि ती घंटीची वाट बघताहेत.

ती गोष्ट मी दोनदा वाचली. दादांनी वाचली आणि अंक खाटेवर आपटला. म्हणाले, सगळी गोष्ट बरी आहे, पण शेवट चुकला. दार उघडं असताना कोण उभं राहील? लेखकाला यंत्र कळतं, माणूस कळत नाही. त्यांनी तिथल्या तिथं दुसरा शेवट रचून दाखवला, ज्यात सगळी माणसं रानात पळत सुटतात. मी म्हटलं, दादा, दावणीच्या म्हशीचं दावं सोडलं तरी ती खुंट्यापाशीच उभी राहते. यावर ते चिडले. माणूस आणि म्हैस यात तुला फरक कळत नसेल तर मॅट्रिकला कशाला बसतेस, म्हणाले. आमचं हे भांडण आठवडाभर चाललं. घरात प्यायला पाणी नव्हतं आणि आम्ही बापलेक एका गोष्टीच्या शेवटावरून एकमेकांशी बोलत नव्हतो.

पाणी नव्हतं म्हणजे किती नव्हतं, हे सांगायला हवं. वस्तीची विहीर उन्हाळ्याआधीच आटली होती. सरकारी टँकर येऊन गावाच्या विहिरीत पाणी सोडायचा. तिथं वस्तीतल्या बायका घागरी घेऊन एका बाजूला उभ्या राहायच्या, आणि गावातल्या बायकांचं भरून झालं की कुणीतरी पोहऱ्यानं त्यांच्या घागरीत वरून ओतायचं. दादांनी आईला तिथं उभं राहायला मनाई केली होती. त्यामुळं आई ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून पाणी आणायची. खड्ड्यात पाणी जमेपर्यंत बसायचं, वाटीनं घागर भरायची, आणि तापलेल्या वाटेनं घरी यायचं. मग खडी फोडायला. तत्त्व दादांचं होतं, पण ते डोक्यावर वाहून आणायची आई. तिनं याबद्दल कधी तक्रार केली नाही. उलट तिला त्याचा अभिमानच होता. विहिरीवरच्या बायका तिला म्हणायच्या, का जीव काढतीस? ती म्हणायची, आमच्या घरात ओतलेलं पानी चालत न्हाय.

अशातच दादांना परंड्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका सोसायटीनं गोदामाच्या माडीवर वाचनालय काढलं होतं, आणि तिथं अधूनमधून कुणीतरी पुस्तकांवर बोलायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींना दादांचं वाचन माहीत होतं. विज्ञानकथेवर बोला, म्हणाले. आमच्या वस्तीतला माणूस खुर्चीवर बसून परंड्याच्या शिकलेल्या लोकांना चार गोष्टी सांगणार, हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. आईनं झिऱ्याच्या पाण्यातून थोडं राखून दादांचा पांढरा सदरा धुतला. त्या दिवसांत कपडा धुणं म्हणजे काय, हे आता कुणाला पटणार नाही. तो सदरा वाळत होता तेव्हा शेजारच्या बायका थांबून बघून जात होत्या.

दादांनी मलाही बरोबर नेलं. भांडण चालू होतं तरी नेलं, कारण ती दारांची गोष्ट ते भाषणात झोडपणार होते आणि मी ते ऐकावं अशी त्यांची इच्छा होती. यष्टी वाटेत बंद पडली. सावलीला झाड नाही, वरून ऊन. एका बाईच्या कडेवरचं पोर रडून रडून घोगरं झालं होतं. दादांनी तांब्याची फिरकी उघडली आणि तांब्या तिच्या हातात दिला. पोर प्यायलं, ती प्यायली, तिची सासू प्यायली. तांब्या परत आला तेव्हा रिकामा होता. तिनं आमची जात विचारली नाही आणि आम्ही तिची. दादा मला म्हणाले, "बघ, तहानेनं माणूस सुधारतो." किती खूश होते ते तेव्हा.

माडीवरची ती खोली भरलेली होती. हायस्कूलचे शिक्षक, एक डॉक्टर, सोसायटीचे संचालक, दोनतीन वकील. बायकांत मी आणि एका शिक्षकाची बायको. मला पहिल्या रांगेत बसवलं. सेक्रेटरींनी दादांना हात धरून खुर्चीपर्यंत नेलं. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी दूर सरकलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्याचा दोष त्या खोलीतल्या कुणावर टाकावा असं मला कितीतरी वर्षं वाटायचं आणि टाकता यायचा नाही.

दादा फार सुंदर बोलले. चंद्रावर बोलले, यंत्रमानवावर बोलले. पुढच्या काळात पाणी नळातून येईल, नळ फिरवणाऱ्याचं नाव नळाला माहीत नसेल, असं म्हणाले तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली. मग त्यांनी ती दारांची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, रंगवून; ऐकणारे मधेमधे अरेरे म्हणत होते. शेवट आला तसे ते थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "मला सांगा, दार उघडं असताना कोण उभं राहतं?" सगळे हसले. मीही हसले. दादा जिंकले होते आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. त्यांनी तांब्या हातात घेतला, रिकामा आहे हे आठवलं, आणि परत टेबलावर ठेवला. सेक्रेटरींच्या ते लक्षात आलं. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपाई म्हातारा होता. त्यानं कोपऱ्यातल्या माठातून स्टीलचा ग्लास भरला आणि दादांसमोर येऊन ग्लास पुढं केला. "घ्या गुरुजी," म्हणाला. ग्लास दादांच्या छातीसमोर होता. हात पुढं केला की बोटं त्याला लागली असती.

दादा खुर्चीवरून उठले. कमरेत वाकले. दोन्ही हात जोडून त्यांनी तोंडापाशी ओंजळ धरली.

मला वाटलं, ते नमस्कार करताहेत. खरंच, पहिल्यांदा मला तसंच वाटलं. शिपाईही गोंधळला. तो ग्लास धरून तसाच उभा राहिला, दादा तसेच वाकलेले. मग त्या म्हाताऱ्याचा हात आपोआप वर गेला आणि त्यानं ग्लास कलता केला. पाण्याची धार दादांच्या ओंजळीत पडू लागली. दादा प्यायले. घटाघटा प्यायले. ग्लास रिकामा झाला तेव्हा त्यांनी सदऱ्याच्या बाहीला तोंड पुसलं. आईनं धुतलेल्या त्या सदऱ्याच्या बाहीला.

मी ओरडायला हवं होतं असं वाटतं, पण काय ओरडणार? मी खोलीभर बघितलं. वकील शेजारच्याशी काही बोलत होते. डॉक्टर घड्याळाला किल्ली देत होते. कुणालाही काहीही वावगं दिसलं नव्हतं. एक गुरुजी वाकून ओंजळीनं पाणी पितात हे त्या खोलीला इतकं ओळखीचं होतं, की कुणाची नजरसुद्धा अडखळली नाही. मघाशी दारांच्या गोष्टीत हीच माणसं अरेरे म्हणत होती. मी इतकी हादरले, की बाकाची कड धरून बसले.

दादा सरळ झाले. त्यांनी आपल्या ओल्या हातांकडं बघितलं. मग शिपायाच्या हातातल्या ग्लासाकडं, मग टेबलावरच्या तांब्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. माणूस स्वतःच्या घरात शिरावा आणि आत भलताच कुणी बसलेला दिसावा, तसं ते आपल्याच हातांकडं बघत होते. खोली हळूहळू शांत झाली. दादा बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला नसेल.

"मघाशी मी विचारलं, दार उघडं असताना कोण उभं राहतं," ते म्हणाले. "मी उभा राहतो."

एवढं बोलून ते खाली बसले. मग टाळ्या. जोरात टाळ्या. आभार मानताना सेक्रेटरी म्हणाले, की गुरुजींनी शेवटी प्रात्यक्षिक करून दाखवलं, ते तर फारच परिणामकारक. ते भले गृहस्थ होते, त्यांना खरोखर तसंच वाटलं होतं. दादांनी हात जोडले. हार घालून घेतला. त्या टाळ्या मला ओतलेल्या पाण्याहून वाईट वाटल्या, आणि आजही कुठल्या सभेत टाळ्या वाजल्या की माझे हात लवकर उचलत नाहीत.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसून पायात रुतलेला काटा काढत होती. तिनं हार बघितला, हसली, आणि कसं झालं विचारलं. दादा खोटं बोलू शकले असते. मी तर काही बोलणार नव्हते. पण त्यांनी तिच्यासमोर खाली बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. आईला आधी कळेचना.

"गिलास दिसला न्हाय का तुमाला?" तिनं विचारलं.

"दिसला."

"मग?"

दादांनी मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. आईचा चेहरा असा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. काटा काढायची सुई तिच्या बोटांत तशीच होती.

"मग म्या झिऱ्यावर कशापायी जाते?" ती म्हणाली.

तिनं आवाज चढवला नव्हता. ती भांडतही नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा घागर घेऊन तिच्याबरोबर ओढ्यावर गेले. मास्तर डोक्यावर पाणी आणतो म्हणून वस्ती हसली. पाऊस पडेपर्यंत ते रोज गेले. पण आईच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

त्याच आठवड्यात त्यांनी तो अंक पुन्हा मागून घेतला, दारांची गोष्ट परत वाचली, आणि मला म्हणाले, की शेवट बरोबर आहे. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मला ती गोष्ट फाडून टाकावीशी वाटली. दादांचा शेवट, तो रानात पळत सुटणाऱ्या माणसांचा, किती चांगला होता. मला अजूनही तोच शेवट हवा आहे, आणि जो लेखक तो खरा करून दाखवील त्याची मी वाट बघते आहे. नातीच्या कादंबऱ्या मी त्यासाठीच चोरून वाचते. अजून तरी कुणी भेटलेला नाही.

त्यानंतर दादांना एक सवय लागली. कुणी पाणी पुढं केलं की ते आधी डावा हात पाठीमागं न्यायचे, तिथं सदऱ्याचा घोळ मुठीत घट्ट धरायचे, आणि मग उजवा हात पुढं करून ग्लास घ्यायचे. एक हात अडकवून ठेवला की ओंजळ होत नाही. लोकांना ती मास्तरकीची ऐट वाटायची. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करायची, एक हात मागं आणि एक पुढं. आई मात्र तसं दिसलं की तोंड फिरवायची.

पुढं मला उमरग्याजवळच्या मुरूम गावी शाळेत नोकरी लागली. आई गेल्यावर दादा माझ्याकडं राहायला आले. एका उन्हाळ्यात ते फार आजारी पडले म्हणून त्यांना उमरग्याच्या दवाखान्यात ठेवलं. खिडकीबाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक सारखे वाजायचे. उजव्या हाताला सलाईन लावलेलं, त्यामुळं तो हात उचलायचा नव्हता. नर्स गोळी आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. म्हणाली, बाबा, डावा हात पुढं करा, पाणी घ्या.

दादांनी ग्लासाकडं बघितलं. त्यांचा डावा हात चादरीवरून हळूहळू सरकत पाठीखाली गेला. उजवा उठायला लागला तसा नर्सनं तो धरून खाली ठेवला. पुन्हा म्हणाली, डावा हात द्या. पाठीखालचा हात बाहेर येईना. ती मला म्हणाली, यांना ऐकू येत नाही का? मी सांगितलं, येतं. तिच्या हातातून ग्लास घेतला आणि त्यांच्या ओठांना लावला.